संघातली आनंदीबाई

७. ‘संघातली आनंदीबाई’ : म्हणजे दुर्गा खोटे (१९०५–१९९१). ‘संघ’ हा गिरगावातला मुंबई मराठी साहित्य संघ. डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने तेथे जुनी गाजलेली नाटके नव्याने उभी राहिली. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) हे त्यांपैकीच. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांचा खून आणि राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री हा त्याचा विषय. राघोबा नानासाहेब फाटक, आनंदीबाई दुर्गाबाई.

दुर्गाबाईंचा प्रवास उलटा झाला. नाव आधी बोलपटाने दिले, ‘अयोध्येचा राजा’मधील (१९३२) तारामतीने, नाटकात त्या रमल्या त्यानंतर. फाटकांसारख्या खणखणीत वाचेच्या नटासमोर पल्लेदार गद्य संवाद पेलायचे, तेही कॅमेऱ्याच्या आधाराविना, ही सोपी गोष्ट नव्हती. ‘मॅकबेथ’वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेल्या ‘राजमुकुट’मध्येही (१९५४) त्यांनी लेडी मॅकबेथच्या वळणाची भूमिका केली. नवऱ्याला सत्तेकडे ढकलणाऱ्या या दोन स्त्रिया रंगवणारी अभिनेत्री आज ‘मुघल-ए-आझम’ची सोशिक जोधाबाई म्हणूनच आठवली जाते, त्यांच्या अभिनयाची खरी झेप मात्र या नाटकांत होती. प्रस्तुत लेखकाने पुढे ‘बाईंचा दरारा’ म्हटले आहे, ते या भूमिकांना उद्देशून. जिज्ञासूंनी त्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र अवश्य पाहावे. —संपा.