किल्ल्याचा केक, सालगिरहचा दोरा आणि तारापूरचा सुरुंग

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग एका मेसेजवरून सुचला. कुंभवलीहून एका श्रोत्या ताईंचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा सात वर्षांचा होतोय. नवरा-बायको दोघंही तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये. मुलानं मोबाईलवर कुठलंसं कार्टून बघितलं आणि आता त्याला ‘कॅसल’ची बर्थडे पार्टी हवी. बुरुज, तलवारी, राजा, सगळं. ऑनलाइन सेट बघितला तर किंमत परवडत नाही आणि त्यातले पुठ्ठ्याचे नाइट बघून ताईंनाच प्रश्न पडला : ‘हे आपलं आहे का हो? आणि केक घरीच करायचाय, ओव्हन नाही.’

प्रश्न केकचा असला तरी तो इतिहासाचाही आहे. म्हणून आज दोन्ही करू.

आधी तो ‘कॅसल’. युरोपात मध्ययुग साधारण १५०० च्या आसपास संपलं असं मानतात. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात मध्ययुग थेट अठराव्या शतकापर्यंत येतं. सातवीच्या इतिहासात शिवाजी महाराज, बाजीराव, पानिपत हे सगळं ‘मध्ययुगीन भारत’ याच नावाखाली शिकलो की आपण. म्हणजे कुंभवलीच्या पोराला मध्ययुग हवं असेल तर इंग्लंडला जायला नको. बोईसरहून चिंचणीच्या रस्त्याला लागलात तरी पुरे. तारापूरचं नाव काढलं की लोकांना १९६९ चं अणुवीज केंद्र आठवतं, पण त्याच तारापूर गावात एक भुईकोट उभा आहे, भक्कम तटाचा. शिरगावला एक आहे. केळव्याला तर दोन : एक सुरूच्या बागेत, जो कित्येक वर्षं वाळूत गाडला गेला होता आणि किल्लेप्रेमी पोरांनी फावडी घेऊन मोकळा केला, आणि दुसरा पाण्यातला पाणकोट, दुरून एखादं जहाज नांगर टाकून उभं असावं तसा दिसणारा.

आणि खरं सांगू? किल्ल्याच्या थीमची पार्टी मराठी पोरं कधीपासून करत आली आहेत. तिला आपण दिवाळीचा किल्ला म्हणतो. अंगणात माती, दगड, जुनी पोती, वर अळीव पेरायचा म्हणजे चार दिवसांत हिरवळ उगवते, मातीचे मावळे आणि सगळ्यांत वर सिंहासनावर महाराज. पार्टीचं सामान घरातच पडलेलं असतं, फक्त महिना वेगळा.

आता एक गंमत. केकचा किल्ला ही कल्पना कुठल्या केकशॉपवाल्याची नाही, ती खरोखरच मध्ययुगातली आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं एक पुस्तक आहे, साधारण १३९० चं. ‘फॉर्म ऑफ क्युरी’ त्याचं नाव. आपल्या ‘करी’शी काही संबंध नाही बरं का, क्युरी म्हणजे तिथे नुसतं ‘स्वयंपाक’. त्यात ‘चास्टलेट’ नावाचा पदार्थ आहे, म्हणजे छोटा किल्ला. कणकेचे बुरुज करायचे, त्यांच्या कडा तटाच्या दातऱ्यांसारख्या कापायच्या आणि प्रत्येक बुरुजात वेगळं सारण भरायचं. एकात डुकराचं मांस, एकात बदामाची क्रीम, एकात अंजीर-मनुका असं. एक सारण लाल करायला सांगितलंय, रक्तचंदन घालून. रक्तचंदनाचं झाड कुठलं? आपल्या दक्षिणेतलं, पूर्व घाटातलं. म्हणजे लंडनच्या राजाच्या केकला रंग भारतातून जायचा. साखरेचंही तसंच. तिथे तेव्हा ती मसाल्यासारखी महाग आणि जपून वापरायची वस्तू होती. ‘कँडी’ हा शब्दही आपल्या ‘खांड’वरूनच गेलाय.

मग वाढदिवस? मध्ययुगात लोक वाढदिवस करायचे का? करायचे, पण केक आणि मेणबत्त्या नव्हत्या. केकवर मेणबत्त्या लावल्याची जी जुन्यांतली जुनी वर्णनं सापडतात, त्यातलं एक जर्मनीतलं आहे, १७४६ सालचं, झिनझेनडॉर्फ नावाच्या सरदाराच्या वाढदिवसाचं. तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला त्यानंतर सात वर्षांनी! म्हणजे आपण जिला जुनी पद्धत समजतो ती वयानं आपल्या भुईकोटापेक्षा लहान आहे.

मोगलांच्या घरात मात्र वाढदिवस जोरात असायचा. बादशहाची तुला व्हायची. इंग्रजांचा वकील टॉमस रो यानं १६१७ साली मांडूला जहांगीरची तुला बघितली आणि लिहून ठेवली. पण मला आवडते ती ‘आईन-ए-अकबरी’तली राजपुत्रांची नोंद. अबुल फजल सांगतो : मुलगा दोन वर्षांचा झाला की त्याची पहिली तुला, तीही एकाच वस्तूनं. मग दरवर्षी एक वस्तू वाढवायची. सात-आठ वस्तूंपर्यंत साधारण जायचं आणि बारापेक्षा जास्त नाही. नंतर ते सगळं दान.

ताई, तुमच्या मुलाचा हिशेब करा. दोनाला एक, तर सातव्याला सहा. तांदूळ, डाळ, गूळ, मीठ, कांदे, बटाटे, झाल्या सहा वस्तू. खरा तराजू नको. वजनकाट्यावर मुलाला उभं करा, आकडा लिहा आणि सगळ्या मित्रांनी मिळून तेवढं सामान काट्यावर रचायचं. मोगलांकडे प्रत्येक वस्तूनं वेगळी तुला व्हायची, आपण सहा मिळून एक करू, खिसा बघून. सात वर्षांचं पोर वीस-बावीस किलोचं असतं, म्हणजे बांधकामावरच्या एखाद्या कुटुंबाचं काही दिवसांचं भागतं. संगीतखुर्चीपेक्षा हा खेळ पोरांना जास्त चढतो, कारण ‘अजून अर्धा किलो कमी आहे’ म्हटल्यावर सगळी स्वयंपाकघराकडे धावतात.

दुसरी पद्धत तर फुकट आहे. आपण हिंदी गाण्यांत ‘सालगिरह’ ऐकतो ना? साल म्हणजे वर्ष, गिरह म्हणजे गाठ. वाढदिवसाला एका दोऱ्यात एक गाठ मारायची. पुढच्या वर्षी त्याच दोऱ्यात पुढची. वाढदिवसाचं ‘सर्टिफिकेट’च म्हणा, पण दोऱ्याचं.

आणि आपल्या घरातलं? औक्षण तर आहेच. पण ‘धर्मसिंधु’ या ग्रंथात, तो १७९० चा, पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा, वाढदिवसाचा पूर्ण विधी दिलाय. वर्धापन म्हणतात त्याला. त्यात मार्कंडेयाची पूजा आहे, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांची आहे आणि तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं आहे. त्या दिवशी नखं-केस कापायचे नाहीत, प्रवास नाही, भांडण नाही आणि मांसाहार नाही. हे शेवटचं आमच्या किनाऱ्यावर कुणाला सांगून बघा! पापलेटाशिवाय वाढदिवस?

हसलो आपण, पण जरा थांबू. मार्कंडेय कोण? सोळाव्या वर्षी मरणार हे जन्मतःच ठरलेला मुलगा. वाढदिवसाला नेमकी त्याचीच पूजा का? कारण त्या काळात मूल एक वर्षानं मोठं होणं ही खरोखरच मोठी बातमी होती. केळव्याला समुद्राजवळ शितलादेवीचं देऊळ आहे, तुमच्यातले बरेच पिकनिकला जाताना तिथे थांबले असतील. शितलादेवी ही देवीच्या रोगाची देवता. लस येण्याआधी देवी निघाल्या की मूल राहील की जाईल हे कुणालाच माहीत नसायचं. आया नवस बोलायच्या. भारतातून हा रोग १९७५ साली गेला, म्हणजे आपल्या आजी-आजोबांपैकी कुणाच्या तरी दंडावर लशीचा गोल व्रण अजून आहे. पार्टीत आजी असतील तर तो पोरांना दाखवायला सांगा. मध्ययुगाचा याहून खरा पुरावा ऑनलाइन सेटमध्ये मिळणार नाही.

आता किल्ल्याची गोष्ट, कारण केक कापताना कुणीतरी विचारणारच, ‘मग लढाई कुणाची झाली?’

हा किनारा जवळजवळ दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होता. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहानं वसई त्यांना दिली तिथून सुरुवात. जमिनी गेल्या, धर्माचा जाच झाला, आणि अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखे इथलेच लोक मराठ्यांकडे मदत मागायला गेले. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांची मोहीम सुरू झाली. वसई पडली ती १७३९ च्या मे महिन्यात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधी जानेवारीत आपला हा पट्टा पेटला होता. माहीम, केळवे, शिरगाव हे टापू घेत फौज तारापूरवर आली. तट तोफांनी हटेना, म्हणून खालून सुरुंग खणले. सुरुंग उडाले, बुरुजांना खिंडारं पडली, मराठे आत घुसले आणि आत हातघाईची लढाई झाली. पोर्तुगीजही कच्चे नव्हते. ते शेवटपर्यंत लढले हे मराठी बाजूनंही मान्य केलंय. या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हे बिनीचे सरदार गोळी लागून पडले. किल्ला मिळाला, माणूस गेला. त्यांच्या आईला पेशव्यांच्या घरून सांत्वनाचं पत्र गेलं, ते इतिहासाच्या अभ्यासकांत आजही प्रसिद्ध आहे.

पार्टीत हे सांगायचं का? माझं मत : सांगायचं, दोन वाक्यांत. पोरांना केकचा तट सुरुंग लावून फोडायचाच असतो, त्यांना फोडू दे, त्यासाठीच केलाय. पण ‘आपण जिंकलो’ एवढ्यावर गोष्ट संपवू नका. आत एक आईचा मुलगा गेला आणि तटाच्या पलीकडेही आयांचे मुलगे होते, एवढं सात वर्षांच्या पोराला कळतं. कार्टूनमध्ये माणूस पडतो आणि पुन्हा उठतो. तारापूरला तसं झालं नाही. एक आणखी : वाढदिवसाचे पाहुणे किल्ला बघायला गेलात तर तटाचा दगड आठवण म्हणून आणू नका आणि बुरुजावर मुलाचं नाव तर नकोच.

चला, केक. पाव हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, हे माहीत असेल. त्यांच्या पावलावर गोव्यात रवा-खोबऱ्याचा एक केक रुळला, बाथ किंवा बातिका म्हणतात. तोच करू, कारण तो घट्ट असतो, कापून बुरुज करता येतात. मऊ स्पंजचा किल्ला आपल्या दमट हवेत तासाभरात वसईसारखा शरण येतो.

दोन वाट्या बारीक रवा, दीड वाटी साखर, एक वाटी दही, एक वाटी दूध, अर्धी वाटी पातळ तूप, एक वाटी ओलं खोबरं, वेलची. मुळात यात अंडी असतात, आपण दह्यावर भागवतोय. सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगू दे. घट्ट झालं तर थोडं दूध. मग एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. (बेकिंग पावडर ही १८४३ ची, इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्डची. मध्ययुग इथे जरा सोडू या.) कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मिठाचा जाड थर, वर स्टँड, दहा मिनिटं रिकामाच तापवा. कुकरमध्ये पाणी घालायचं नाही, हे दोनदा ऐका. तूप लावलेल्या डब्यात मिश्रण ओता आणि मंद आचेवर पंचेचाळीस मिनिटं, सुरी टोचून कोरडी येईपर्यंत. थोडं मिश्रण चार उभट स्टीलच्या वाट्यांत वेगळं भाजा, तेच बुरुज. ते लवकर होतात.

हे सगळं आदल्या रात्री, शिफ्टवरून आल्यावर. सकाळी गार केक कापायला सोपा जातो. डिझाइन? मी तर पाणकोटच करेन, कारण जहाजाचा आकार एकाच केकमधून निघतो : दोन्ही बाजू तिरक्या कापून पुढे टोक आणा. वर वितळलेलं चॉकलेट फासा, तोच काळा कातळ. तटाला पार्ले-जी उभी लावा. अर्धी तोडून एकाआड एक लावली की चर्या दिसतात. खाली ताटात भाजलेला रवा आणि पिठीसाखर, ती केळव्याची वाळू. शिरगाव करायचा असेल तर फांद्या फुटलेला रावणताड विसरू नका, तो त्या किल्ल्याची ओळख आहे. कोथिंबिरीची काडी खोचली तरी चालेल, खाताना काढा. एका बाजूच्या तटामागे केक थोडा कोरून आत जेम्सच्या गोळ्या भरा. सुरुंग तिथेच लागणार.

क्रम असा ठेवा : आधी तुला, मग औक्षण, मग दोऱ्याला सात गाठी, कारण मागच्या सहा राहिल्यात. गोष्ट. मग केक. मेणबत्ती हवी तर एखादी लावा, १७४६ च्या नावानं.

आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर बोईसरहून गाडी पकडा, उमरोळी, पालघर, केळवे रोड. तिथून रिक्षा. ओहोटीला पाणकोटापर्यंत चालत जाता येतं, पण भरतीची वेळ आधी तिथल्या कोळी बांधवांना विचारा आणि मगच निघा. फोटो काढलेत तर आम्हाला पाठवा. केकचेही आणि किल्ल्याचेही.