कुसुंबी रंगाची परीक्षा

परभणीकडच्या काळ्या रानात डिसेंबर-जानेवारीत करडई फुलते. फूल आधी पिवळे असते, सुकताना ते तांबूस-केशरी होते. आज आपण करडई ओळखतो ती तेलासाठी. पण तिचे संस्कृत नाव कुसुंभ. त्यावरूनच मराठीत ‘कुसुंबी’ हा रंग आला. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तही कुसुंभाने रंगवलेली वस्त्रे आहेत. एके काळी या पिकाचे बी घाण्याकडे जाई आणि पाकळ्या रंगाऱ्याकडे. मग रंगाऱ्याने या पाकळ्या का सोडल्या?

पाकळ्यांत दोन प्रकारचे रंग असतात. पिवळा भरपूर असतो आणि पाण्यात विरघळतो. लाल रंग म्हणजे कार्थामिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि असतेही फार थोडे : किलोभर सुक्या पाकळ्यांत साधारण ३ ते ६ ग्रॅम. रंगारी पाकळ्या पुन्हा पुन्हा धुऊन पिवळा रंग काढून टाकत. मग खाराच्या पाण्यात लाल रंग उतरवत आणि त्यात आंबट रस घालत. आम्लामुळे कार्थामिन पुन्हा अविद्राव्य होई आणि सुती धाग्यावर बसे. तुरटीचीही गरज नसे. आम्ल-आम्लारीचा हा धडा रंगाऱ्यांच्या हातात पुस्तकांच्या कितीतरी आधी होता.

याच लाल रंगाने गालही रंगले. जपानात करडईच्या फुलांपासून ‘बेनी’ नावाची ओठांची लाली करत. युरोपात कार्थामिन शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून गालांना लावत. एकाच फुलातून कापड आणि प्रसाधन दोन्ही!

पण या रंगात मोठी खोट होती. ज्या खाराने तो पाकळीतून सुटे, तोच खार धुण्यात आला की तो कापडावरूनही सुटे. उन्हातही तो लवकर विटे. १८५६ मध्ये लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा कृत्रिम रंग लागला. त्यानंतर आलेल्या स्वस्त, ठरावीक छटेच्या रंगांपुढे कुसुंबा टिकला नाही. करडई शेतात राहिली ती तेलामुळे.

टिकाऊपणा मोजायची पद्धतही हळूहळू पक्की झाली. निळ्या रंगाच्या आठ लोकरी पट्ट्या घेतात; पहिली सर्वांत लवकर विटणारी, आठवी सर्वांत टिकाऊ. नमुना त्यांच्यासोबत प्रकाशात ठेवून तो कोणत्या पट्टीबरोबर विटतो ते पाहतात. धुलाईच्या कसोटीत १ ते ५ असे गुण देतात. ‘रंग पक्का आहे’ या दुकानदाराच्या शब्दाची जागा अशी आकड्याने घेतली.

पुढे चक्र उलटे फिरले. काही ॲझो रंगांतून कर्करोगकारक अमाइन सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांवर बंदी घातली. भारतानेही १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी आणली. वनस्पतिज रंगांकडे पुन्हा लक्ष गेले. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. करडई आणि गृहविज्ञान या दोन्ही विषयांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांची केंद्रे तिथे चालली. ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण तिथलाच. तिकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-६’ हा बिनकाटेरी वाण काढला. पाकळ्या हातानेच वेचाव्या लागतात, त्यामुळे काटे नसणे ही मोठीच सोय.

असे संशोधन अनेकांनी मिळून का करावे लागते? कारखान्यातला रंग ठरलेल्या कृतीने बनतो. फुलातला रंग वाण, वेचणीची वेळ, वाळवण आणि पाण्याचा जडपणा यांनुसार बदलतो. फूल सुकताना वेचले तर लाल रंग अधिक मिळतो आणि बियांचेही नुकसान होत नाही. म्हणजे गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत नव्हे, बांधावरच सुरू होते. शेतीतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ आणि वस्त्रतज्ज्ञ यांपैकी एकट्याचे हे काम नाही.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्धोक’ असेही नाही. भारतीय नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनातल्या रंगात, तो कृत्रिम असो वा नैसर्गिक, शिसे दशलक्ष भागांत २० पेक्षा आणि आर्सेनिक २ पेक्षा जास्त चालत नाही. फुलाला यातून सूट नाही, कारण शिसे मातीतून, भांड्यातून किंवा भेसळीतूनही येऊ शकते.

वर्गात हे करून पाहता येईल. मूठभर पाकळ्या पाण्यात भिजवून, पाणी पिवळे येणे थांबेपर्यंत धुवा. मग धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात अर्धा तास ठेवा (सोडा हाताला लागू देऊ नका). द्रावण गाळून त्यात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा टाका आणि फेस येणे थांबेपर्यंत लिंबू पिळा. तुकडा गुलाबी होईल. तो वाळवून त्याचे दोन भाग करा. एक उन्हात ठेवा, एक वहीत. आठवड्याने दोन्ही शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारा : हे कापड तुम्ही ‘पक्क्या रंगाचे’ म्हणून विकाल का?