डबे, बाटल्या आणि कॅनूच्या पाणवाटा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचा एक राखीव प्रदेश आहे. त्याचे नाव बाउंड्री वॉटर्स कॅनू एरिया वाइल्डरनेस. एक हजाराहून अधिक तळी, त्यांना जोडणारे ओढे व नद्या, मधूनमधून पाइन, स्प्रूस आणि बर्चची राने आणि जागोजागी उघडा पडलेला कातळ, असे त्याचे रूप. इथे फिरायचे ते मुख्यतः कॅनूतून, वल्ह्याच्या बळावर. एक तळे संपले की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची, सामान पाठीला लावायचे आणि पायवाटेने पुढचे तळे गाठायचे. या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. रात्रीचा मुक्काम वनखात्याने ठरवून दिलेल्या सुमारे २,००० जागांपैकी एखाद्या जागी करायचा. अशा मुक्कामी काय करावे, काय टाळावे आणि जाताना मागे काय ठेवावे, याची रीत गेल्या दोनशे वर्षांत जवळजवळ उलटी झाली आहे.

या पाणवाटा मुळात ओजिब्वे लोकांच्या आणि त्यांच्याही आधी इथे वावरलेल्या जमातींच्या. ओजिब्वेंची कॅनू बर्चच्या सालीची असे. साल स्प्रूसच्या मुळांनी शिवायची, सांधे डिंकाने बुजवायचे, आतल्या फासळ्या सीडरच्या लाकडाच्या. अशी होडी निकामी होऊन काठावर पडली तरी काही वर्षांत मातीत मिसळून जाई. मुक्कामाला जागा निवडली जाई ती पाण्यात शिरलेल्या, वारा लागणाऱ्या खडकाळ टोकावरची, कारण वारा असला की डास कमी. आजचे कितीतरी तळ याच प्रकारच्या टोकांवर आहेत. पाण्याला आणि जागेला तंबाखू वाहण्याची ओजिब्वेंची चाल आजही टिकून आहे. मुक्कामाची जागा म्हणजे ज्याच्याशी आपला व्यवहार आहे असे कोणीतरी, ही समजूत त्या चालीच्या मुळाशी आहे. हा इतिहास सांगताना सुरुवात वनखात्याच्या नियमांपासून केली, तर ही समजूत नजरेआड होते.

अठराव्या शतकात केसाळ कातड्यांच्या व्यापाराने या वाटांवर गर्दी आणली. व्यापारी कंपन्यांचे फ्रेंच-कॅनेडियन वल्हेकरी, ज्यांना व्हॉयाजर म्हणत, सुमारे २५ फूट लांबीच्या होड्यांतून माल नेत. प्रत्येक गाठोडे सुमारे ४१ किलोचे, आणि पोर्टेजवर एका माणसाने कपाळावरून पाठीमागे सोडलेल्या पट्ट्याच्या आधाराने एका वेळी अशी दोन गाठोडी उचलायची, हा शिरस्ता. सुपीरियर सरोवरापासून आत जाणाऱ्या ग्रँड पोर्टेज या वाटेची लांबी जवळजवळ १४ किलोमीटर होती. इतके ओझे वाहणाऱ्या माणसाजवळ फेकून देण्यासारखे फार काही नसे. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे मका, वाटाणे, चरबी आणि वाळवलेले मांस. त्यातले काहीही डब्यात येत नसे.

मात्र खूण ठेवण्याचा शौक त्यांना होता. होडीतल्या मानाच्या प्रवाशाच्या सन्मानार्थ काठावरचा एखादा उंच पाइन निवडायचा, त्यावर चढून मधल्या फांद्या छाटायच्या आणि शेंड्याचा झुबका तेवढा ठेवायचा. अशा झाडाला लॉबस्टिक म्हणत. ज्याच्या नावाने ते उभे राही, त्याने वल्हेकऱ्यांना मद्य पाजायचे, ही रीत होती. लांबून ओळखू येणारी ही झाडे पुढच्या होड्यांना वाटही दाखवत. रानात माणसाची खूण राहणे हे त्या काळी शिष्टाचाराचे लक्षण होते.

अपघाताने मागे राहिले ते पाण्यात. १९६० मध्ये ग्रॅनाइट नदीवरच्या हॉर्सटेल धावेत, म्हणजे नदीच्या खळाळत्या उताराच्या जागी, पाणबुड्यांना एकात एक बसवलेली १७ पितळी पातेली सापडली. एखादी होडी तिथे उलटली असणार. त्यानंतर या वाटांवरच्या इतर धावांमध्येही शोध झाले आणि व्यापारकाळातल्या वस्तू वर आल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूडतोड सुरू झाली आणि तिच्या मागोमाग हौशी प्रवासी आले. १९०९ मध्ये सुपीरियर राष्ट्रीय वनाची स्थापना झाली. सरहद्दीपलीकडे क्वेटिको हे आधी राखीव वन आणि १९१३ पासून प्रांतीय उद्यान झाले. वनखात्याचे भूदृश्यरचनाकार आर्थर कारहार्ट यांनी १९२० च्या सुमारास या भागाचा अभ्यास करून तो रस्त्यांविना, कॅनूसाठी राखावा अशी शिफारस केली, आणि १९२६ मध्ये तिथल्या मोठ्या पट्ट्यात रस्ते न करण्याचे धोरण ठरले. १९३० च्या शिपस्टेड-नोलन कायद्याने काठापासून ४०० फुटांपर्यंतची झाडे तोडणे आणि पाण्याची पातळी बदलणारी धरणे बांधणे थांबवले. अर्नेस्ट ओबरहोल्ट्झर आणि ईली गावचे लेखक व वाटाडे सिगर्ड ओल्सन यांनी हा प्रदेश राखण्याच्या लढ्यात आयुष्ये घातली. पण लढा धरणे, रस्ते, आरागिरण्या आणि नंतर विमाने यांच्याशी होता. प्रवाशाच्या पाठपिशवीतल्या डब्याकडे अजून कोणी शत्रू म्हणून पाहत नव्हते.

त्या काळची मुक्कामाची रीत ही रानात राहण्याच्या कौशल्याची रीत होती. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स यांचे १८८४ चे पुस्तक आणि होरेस केपार्ट यांचे १९०६ चे पुस्तक ही त्या कौशल्याची पाठ्यपुस्तके. चांगला प्रवासी कुऱ्हाड बाळगे, बाल्सम फरच्या कोवळ्या फांद्या तोडून त्यांची गादी घाले, तंबूचे खांब जागच्या जागी तोडे, बसायला बाक आणि मांडायला फळी उभी करे. ती माणसे बेफिकीर नव्हती. मोजक्या लोकांसाठी अमर्याद रान, हे गणित त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्या गणितात एक गादी कुठे खपून जाई.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे गणित मोडले. विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीने १९४५ मध्ये ॲल्युमिनियमची कॅनू बाजारात आणली. ती हलकी होती, खडकावर आपटली तरी टिके आणि भाड्याने देण्याच्या धंद्याला फार सोयीची होती. रस्ते सुधारले, सुट्ट्या वाढल्या, आणि ईली व ग्रँड मराय या गावांतल्या सामान भाड्याने देणाऱ्या दुकानांतून दर उन्हाळ्यात हजारो माणसे पाण्यात उतरू लागली. त्यांच्यासोबत आले पत्र्याचे डबे: मटणाचे, शेंगांचे, फळांचे, बिअरचे. साठच्या दशकात बिअरच्या डब्याला ओढून काढायची कडी आली आणि प्रत्येक डब्यामागे धातूचा आणखी एक धारदार तुकडा रानात पडू लागला.

यावर प्रवाशांना शिकवला गेलेला उपाय तीन शब्दांचा होता: जाळा, ठेचा, पुरा. डबा आगीत घालून आतले अन्न जाळायचे, दगडाने चपटा करायचा आणि खड्ड्यात पुरायचा. मुक्कामाच्या जागी त्यासाठी कचऱ्याचे खड्डेही असत. काहीजण डब्याला भोके पाडून तो खोल पाण्यात बुडवत. हा उपाय मनापासून सांगितला आणि मनापासून पाळला गेला, तरी या भूमीवर तो चालणारच नव्हता. इथला पाया कॅनेडियन शील्डचा, म्हणजे पृथ्वीवरच्या अतिप्राचीन खडकांचा. हिमनद्यांनी तो घासून उघडा केला आणि त्यावर माती साचली ती बहुतेक ठिकाणी काही इंचच. एवढ्या मातीत खड्डा किती खोल जाणार? पुरलेले डबे अस्वले उकरून काढत. जे उकरले जात नसे ते हिवाळ्याची गोठण वर ढकलत असे. माती गोठते, फुगते, वितळते आणि दरवर्षी आतली वस्तू थोडी वर सरकते. जळलेला पत्रा गंजे, पण काच जशीच्या तशी राही. बुडवलेले डबे तर तळ्यांच्या नितळ पाण्यातून दिसतच राहत. वनखात्याच्या माणसांना होड्या घेऊन तळोतळ फिरावे लागे आणि पोत्यांतून हा कचरा पोर्टेजवरून पाठीवर बाहेर आणावा लागे.

याच सुमारास संशोधकांनी मुक्कामाच्या जागा मोजायला घेतल्या. सिडनी फ्रिसेल आणि डंकन यांनी १९६५ मध्ये दाखवले की थोड्या वापरानेही तळावरचे बहुतेक गवत व झुडपे नष्ट होतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉरेन्स मेरियम यांनी नव्याने तयार केलेल्या तळांवर पाच वर्षे नजर ठेवली. नुकसानीचा मोठा भाग पहिल्या दोन वर्षांतच झालेला आढळला. म्हणून थकलेला तळ बंद करून शेजारी नवा उघडणे हा तोट्याचा सौदा ठरतो. नव्या जागेची हानी लगेच होते आणि जुनी भरून यायला फार वर्षे लागतात. मुक्काम ठरलेल्या जागीच करायचा या आजच्या नियमामागचे कारण हेच.

१९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने या प्रदेशाला कायदेशीर आधार दिला. हॉवर्ड झानायझर यांनी लिहिलेल्या त्या कायद्याच्या व्याख्येत रानात माणूस पाहुणा आहे, वस्तीला राहणारा नव्हे. १९६६ पासून प्रवेशासाठी परवाना घ्यावा लागू लागला. आणि १९७१ मध्ये तो नियम आला, ज्याने मुक्कामाची रीत खऱ्या अर्थाने बदलली: खाण्यापिण्याच्या वस्तूंचे, न जळणारे आणि वापरून फेकायचे डबे व बाटल्या आत नेण्यास बंदी. इंधन, औषधे, डास पळवणारे मलम आणि अंगाला लावायच्या वस्तू यांची भांडी वगळली होती. पुन्हा वापरायची भांडीही चालत.

या नियमाचे मोल त्याच्या जागेत आहे. आधीचे सगळे नियम कचरा तयार झाल्यावर काय करायचे ते सांगत. याने कचरा घरीच अडवला. पुरलेला डबा पकडणे वनरक्षकाला अशक्य होते, पण पोर्टेजवर भेटलेल्या माणसाची पिशवी पाहणे शक्य होते. दुकानदारांनी पदार्थ डब्यांतून काढून पिशव्यांत भरायला सुरुवात केली. सुकवलेले आणि शीत-शुष्क अन्न या धंद्याचा कणा झाले. रिकामे डबे गेले तसे पाठीवरचे ओझेही कमी झाले. पुढे ओंटारियोमधल्या क्वेटिको आणि अल्गोंक्विन या उद्यानांच्या आतल्या भागांतही अशीच बंदी आली. नियमाची एक बाजू मात्र काळाने उघडी पाडली. जळणारे ते चालेल, या सवलतीतून प्लॅस्टिक आत आले आणि आगीत जाऊ लागले. आज तिथे कचरा जाळायला मनाई आहे. कागदाचा कपटासुद्धा पिशवीतून परत न्यावा लागतो.

बाकीची चौकट हळूहळू भरत गेली. १९७६ पासून प्रत्येक प्रवेशमार्गावर रोज किती गट सोडायचे याची मर्यादा ठरली. १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने बहुतेक तळ्यांवरून मोटारबोटी हटवल्या. एका गटात जास्तीत जास्त १० माणसे असत. नव्वदच्या दशकात ही मर्यादा ९ माणसे आणि ४ होड्या अशी झाली. प्रत्येक तळावर जमिनीत रोवलेली लोखंडी जाळी असते आणि आग तिच्यातच पेटवायची. थोडे आत, झाडीत, छप्पर नसलेले खड्ड्याचे शौचकूप असते. साबण, मग तो कोणताही असो, तळ्यात जाता कामा नये. अंघोळ आणि भांडी काठापासून किमान १५० फूट दूर. या तळ्यांचे पाणी नितळ आहे ते त्यात पोषक द्रव्ये अगदी कमी असल्यामुळे, आणि ती वाढली की शेवाळ वाढते. ओली फांदी तोडायची नाही. सिअर्स यांच्या काळी जी गादी कौशल्याची खूण होती, ती आता गुन्हा आहे. जुन्या वस्तूंनाही हात लावायचा नाही: लाकूडतोड्यांच्या छावणीतला गंजका डबा आज ऐतिहासिक अवशेष म्हणून जागीच राहतो.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सरकारी भूव्यवस्थापन खात्यांनी ‘लीव्ह नो ट्रेस’, म्हणजे मागमूस न ठेवता जा, ही शिकवण एकत्रितपणे मांडली आणि १९९४ मध्ये त्याच नावाची संस्था उभी राहिली. तिची सात तत्त्वे आज जगभर शिकवली जातात. त्यांतला पुष्कळ अनुभव बाउंड्री वॉटर्ससारख्या प्रदेशांत आधीच गाठीशी जमला होता.

नियम असूनही हानी होते. २००७ च्या मे महिन्यात हॅम तळ्याकाठच्या मुक्कामाच्या आगीतून उठलेल्या वणव्याने दोन्ही देशांत मिळून सुमारे ७५,००० एकर रान जाळले. २०२० च्या कोविड साथीत गर्दी उसळली. नवख्या गटांनी कचरा टाकल्याच्या, ओली झाडे तोडल्याच्या आणि शौचाची रीत न पाळल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२२ साठी वनखात्याने रोजच्या परवान्यांची संख्या कमी केली. अन्न अस्वलाच्या आवाक्याबाहेर ठेवणे हा पूर्वी सल्ला होता. २०२४ मध्ये तो आदेश झाला. अन्न एकतर अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत ठेवायचे, नाहीतर जमिनीपासून १२ फूट उंच आणि खोडापासून ६ फूट दूर टांगायचे. उष्ट्याला चटावलेले अस्वल तळोतळ हिंडू लागते आणि बहुतेकदा त्याचा शेवट गोळीने होतो, म्हणून हा आदेश माणसाइतकाच अस्वलासाठीही आहे.

एक रीत मात्र कोणत्याही नियमात नसूनही टिकली आहे. तळ सोडण्यापूर्वी नियमाप्रमाणे जाळीतली राख हाताला गार लागेपर्यंत पाणी ओतून झाल्यावर, दूरच्या रानातून आणलेल्या सुक्या लाकडांपैकी उरलेली मोळी जाळीशेजारी रचून ठेवायची. संध्याकाळी पावसात भिजून येणाऱ्या पुढच्या अनोळखी माणसासाठी ती असते.