दत्तगुरूंची निद्रा आणि आमची शिदोरी

दत्तगुरूंचे स्नान काशीस, भिक्षा कोल्हापुरास आणि निद्रा मात्र माहूरगडावर, अशी भाविकांची श्रद्धा आहे. म्हणजे आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या या डोंगरावर ते निजायला येतात, जेवायला नव्हे! यातले शहाणपण कळायला माझी फजिती व्हावी लागली.

दोन वर्षांपूर्वी शाळेची चाळीस मुले घेऊन मी माहूरला गेलो. डोंगरात पोरांची आबाळ नको म्हणून पुऱ्या, बटाट्याची रसभाजी, शिरा असा थाट पहाटेच डब्यांत भरला. ‘घरून काही आणू नका,’ अशी ताकीदही दिली. रेणुकेचे दर्शन झाले, दत्तशिखर झाले आणि दुपारी अनसूयेच्या शिखरावर डबे उघडतो, तो भाजी आंबलेली! पाण्याची पिंपे खाली गाडीत राहिली होती. पोरे माझ्या तोंडाकडे पाहू लागली. तेव्हा खेड्यांतली आठदहा मुले चोरट्यासारखी पुढे आली. त्यांच्या आयांनी माझी ताकीद मानली नव्हती. फडक्यांतून ज्वारीच्या भाकरी निघाल्या, जवसाची चटणी निघाली. प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर आली. पाणी खालून आणवले.

तो चतकोर खाताना मला पालखेड आठवले.

१७२८ साली निजामउल्मुल्काने पुणे घेतले होते. बाजीराव पुणे सोडवायला धावला नाही. तो खानदेश-गुजरातेकडून फिरून औरंगाबादेच्या रोखाने आला. निजामाला पुणे सोडून पाठलागावर यावे लागले. घाईपायी जड तोफा मागे राहिल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस, वैजापूरजवळ पालखेडला, मराठ्यांनी त्याला घेरले. तेथे तुंबळ रणकंदन झाले नाही. मराठ्यांनी छावणीचे दाणापाणी तोडले, एवढेच. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला आणि दक्षिणेच्या चौथाई-सरदेशमुखीवरचा शाहू महाराजांचा हक्क निजामाला मान्य करावा लागला.

निजामाने बाजीरावाचे चित्र काढायला चितारी पाठवला, अशी एक गोष्ट सांगतात. चित्रात पेशवा घोड्यावर, लगाम सैल सोडलेला, आणि दोन्ही हातांनी कणीस चोळून दाणे खात चाललेला! गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या फौजेचे बळ तिने नेमके हेरले आहे. ज्याचे जेवण खोगिराला बांधलेले, त्याची रसद तोडणार कोण?

पाण्याचा धडा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. गड बांधण्याआधी तेथे पाणी आहे की नाही ते पाहावे, असे त्यांनी बजावले आहे. मी पिंपे खाली ठेवून वर गेलो होतो. इतिहास शिकवणे निराळे आणि शिकणे निराळे, वाचकहो!

गेल्या वर्षी पुन्हा गेलो. या खेपेस आधी प्रत्येकाच्या खांद्याला पाणी दिले. मग कोरडे धपाटे, कारळाची चटणी, कांदा, गूळ आणि शेंगदाणे घेतले. ओल कमी, म्हणून नासण्याची भीती कमी. आयांना तर मीच निरोप धाडला होता, ‘भाकरी बांधून द्या.’ त्याच शिखरावर पोरे पोटभर जेवली, वर माझ्या वाट्याचा गूळही त्यांनी पळवला. उतरताना रेणुकेचा कुटलेला तांबूल प्रसाद म्हणून मिळाला. जेवणाची सांगता याहून चांगली कोणती?

दिवाळी सरली की सहलींचे दिवस येतील. थाट घरी ठेवा, शिदोरी बरोबर घ्या.