दल म्हणजे नक्की काय?

आजचा भाग एका भाजीमुळे सुचला.

गेल्या पावसाळ्यात कोकणात आजीकडे होतो. पडवीत लॅपटॉप उघडून बसलेलो, तेवढ्यात ती म्हणाली, "परसात टाकळा आलाय, खुडून आण रे थोडा." टाकळा दिसतो कसा, असं विचारलं तर म्हणाली, "मेथीसारखी पानं असतात बघ." म्हटलं, मेथी तर मला माहितीय. तीन-तीन पानांचा झुबका. तसंच एक झाडोरं शोधलं आणि पिशवी भरून आणली. आजीने आत डोकावून बघितलं, एक डहाळी नाकाला लावली आणि अख्खी पिशवी उकिरड्यावर ओतली. "ह्याला टाकळा म्हणतात होय?" ते शिजवून खाल्लं असतं तर काय झालं असतं, कुणास ठाऊक.

आता चूक कुणाची? मला वाटतं, 'सारखी' या शब्दाची. आणि या शब्दाने माणसाला फार जुना त्रास दिलाय.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याने औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. युरोपात पुढे दीड हजार वर्षं तो प्रमाण मानला गेला. पण त्यातली वर्णनं अगदी आजीसारखी. ह्याचं पान अमक्यासारखं, मूळ तमक्यासारखं. भूमध्य समुद्राकाठी राहणाऱ्याला ते कळत असेल. पण सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याने ते 'अमकं' झाडच आयुष्यात पाहिलेलं नसे. मग तो आपल्या रानातल्या कुठल्यातरी झाडाला ते नाव चिकटवून मोकळा. औषधाच्या बाबतीत ही थट्टा नव्हती.

इथे येतो फाबिओ कोलोन्ना. नेपल्सचा, शिकला वकिली. त्याला फेफऱ्याचा आजार होता. स्वतःवर औषध शोधायचं म्हणून तो जुने ग्रंथ वाचायला लागला आणि डायोस्कोरिडीसने सांगितलेली एक वनस्पती म्हणजे व्हॅलेरियन, अशा निष्कर्षाला आला. तिचा आपल्याला गुण आला असं त्याचं म्हणणं. (हे ऐकून कुणी डॉक्टरांची गोळी बंद करू नका प्लीज.) १५९२ मध्ये त्याचं पुस्तक आलं, 'फायटोबासानोस'. म्हणजे वनस्पतींची कसोटी, सोनाराच्या कसोटीच्या दगडासारखी. नाव किती नेमकं आहे बघा. जुन्यांनी लिहिलेलं खरं झाडाशी घासून बघायचं.

घासून बघताना त्याला एक अडचण आली. लॅटिनमध्ये झाडाचं पानही 'फोलियम' आणि फुलाची पाकळीही 'फोलियम'च. म्हणजे 'पाच पानं असतात' असं वाचलं तर फांदीवर मोजायची की फुलात? पाकळीला वेगळा शब्द हवा म्हणून कोलोन्नाने 'पेटलम' वापरला. त्यातूनच इंग्रजीतला 'पेटल' आला. गंमत म्हणजे मूळ ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थसुद्धा पानच! पण दोन गोष्टींना दोन नावं मिळाली, हे महत्त्वाचं. मराठीत पान आणि पाकळी वेगळे आहेतच, त्यामुळे युरोपातल्या पंडितांची ही अडचण आपल्याला चटकन जाणवतही नाही.

दुसरा माणूस माझा आवडता. योआखिम युंग, हॅम्बुर्गचा शिक्षक. मास्तराने शिकवलं भरपूर, छापलं फार थोडं. वनस्पतींवरची त्याची टिपणं १६७८ मध्ये छापली, तेव्हा तो जाऊन वीसेक वर्षं झाली होती. पण त्याच्या टिपणांची नक्कल त्याआधीच इंग्लंडमध्ये जॉन रेपर्यंत पोचली होती आणि रे हा त्या काळचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. आजच्या भाषेत, रिलीज न झालेला कोड कुणीतरी क्लोन करून ठेवला, म्हणून वाचला.

युंगने विचारलेला एक प्रश्न थेट माझ्या टाकळ्याचा आहे. कडुनिंबाची एक काडी घ्या. दोन्ही बाजूंना छोटी-छोटी पानं. ही फांदी आहे आणि तिच्यावर वीस पानं, की हे सगळं मिळून एकच पान? युंग म्हणतो, नीट बघितलं नाही तर लोक फसतात. पण फांदीला पुढची-मागची बाजू नसते, या 'काडी'ला असते. आणि पानगळीत ती काडी अख्खी गळून पडते, फांदी गळत नाही. म्हणजे ते एकच पान, संयुक्त पान. शाळेत मी 'संयुक्त पान' घोकून दोन मार्क मिळवले होते. त्यामागे असं निरीक्षण आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग लिनियस. १७५१ चं त्याचं 'फिलॉसोफिया बोटॅनिका' म्हणजे शब्दांचं स्पेसिफिकेशनच. पानांच्या आकारांचे चित्रांसकट तक्ते. मापं पण ठरवून दिलेली: केसाची जाडी, नख, अंगठा, वीत. आपल्या वीत-हात-बोटांसारखीच की! बरंचसं पुस्तक त्याने संधिवाताने आजारी असताना विद्यार्थ्याला तोंडी सांगितलं.

पण स्पेसिफिकेशन असलं तरी बग असतोच. लिनियसचं 'लान्सिओलेट', म्हणजे भाल्यासारखं पान, दोन्ही टोकांकडे सारखं निमुळतं. आज त्याच शब्दाचा अर्थ खाली रुंद आणि वर निमुळतं असा घेतात. जुनं वर्णन वाचताना ते कुणाचं आहे हे माहीत नसेल तर झाड चुकतं. शेवटी १९६२ मध्ये ब्रिटनमधल्या सिस्टेमॅटिक्स असोसिएशनच्या समितीने साध्या आकारांचा तक्ता छापला, लांबी-रुंदीच्या गुणोत्तरांवर बेतलेला. भाला वगैरे उपमा राहिल्या, पण पाठीशी आकडा आला.

आणि वांग्याचा तो हिरवा टोप? तसल्या फुलाबाहेरच्या हिरव्या पाळ्यांसाठीचा 'सेपल' हा शब्द १७९० मध्ये नेकर नावाच्या माणसाने बनवला. इतक्या उशिरा.

आता मराठीकडे. आपल्या शाळेच्या पुस्तकात पाकळीला 'दल' म्हणतात, त्या सेपलला 'निदल', आणि पाकळ्यांचा पुंजका म्हणजे दलपुंज. ठीक. पण महादेवाला वाहतो ते बेलाचं पान त्रिदल. तिथे दल म्हणजे संयुक्त पानाचा एक भाग, पर्णिका. आणि तूर, हरभरा ही द्विदल धान्यं. तिथे दल म्हणजे बियातली डाळिंबी. एकच नाव, तीन अर्थ! कोड रिव्ह्यूमध्ये असला व्हेरिएबल दिसला तर मी कमेंट टाकतो. कोलोन्नाला 'फोलियम'ने छळलं, आपल्याला 'दल' छळतं. मला विचाराल तर पानाच्या भागाला पर्णिका, फुलाच्या भागाला सरळ पाकळी म्हणावं आणि 'दल' बेलाला आणि डाळीला सोडून द्यावं.

तर टाकळा. पान संयुक्त, पिसासारखं. पर्णिका समोरासमोर, तीन जोड्या. म्हणजे सहा, मेथीसारख्या तीन नाहीत. प्रत्येक पर्णिका व्यस्त अंडाकृती, म्हणजे अंडं उलटं धरल्यासारखी, टोकाकडे रुंद. टोकाची जोडी सगळ्यात मोठी.

हे सगळं मी आजीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते असू दे. चुरगळलास की उग्र वास येतो आणि तिन्हीसांजेला पानं मिटतात, ते लिहिलंय का तुझ्यात?" माझ्यात नव्हतं. आता लिहून घेतलंय.

तुमच्याकडे देठ, डीर, पर्णिका, वांग्याचा टोप यांना काय म्हणतात? गावाच्या नावासकट व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.