स्कॉटिश रीलला संस्कृत पद

अक्कलकोट संस्थानचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले. 1740 मध्ये शाहू महाराजांनी त्यांना आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांना कर्नाटकच्या स्वारीवर धाडलं. दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली पडला, पुढल्या वर्षी त्रिचनापल्ली पडलं, आणि नवाबाच्या जावयाने, चंदासाहेबाने, गांजलेल्या तंजावरच्या भोसल्यांना उसंत मिळाली. पुढे त्याच तंजावर राज्यात, तिरुवारूरला, 1775 साली मुथुस्वामी दीक्षितर जन्मले.

दीक्षितर म्हणजे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीतले एक. भाषा संस्कृत, चाल संथ, प्रत्येक स्वर गमकांनी घोळवलेला. याच माणसाने ‘जगदीश गुरुगुह’ हे पद रचलं, तेही ‘लॉर्ड मॅकडोनाल्ड्स रील’ या स्कॉटिश नाचाच्या धूनवर. ही रील मोबाइलवरची नव्हे. फिडलच्या साथीने जोड्या भराभर नाचतात, ती.

धून इथवर आली कशी? कंपनीच्या फौजेत आणि कचेऱ्यांत स्कॉटिश लोक चिक्कार. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो ग्लासगोचे. दीक्षितरांचं कुटुंब मद्रासजवळ मणलीला मुदलियार आश्रयदात्यांकडे राहायचं, आणि सेंट जॉर्ज किल्ल्यातला बँड त्यांच्या कानावर पडायचा. धाकट्या भावाने, बालुस्वामींनी, तर व्हायोलिनच उचललं. कर्नाटक मैफलीतली त्याची जागा तिथपासूनची. खुद्द तंजावरात सरफोजी राजे (दुसरे) विलायती वाद्यांचे शौकीन, पदरी बँड बाळगणारे. दीक्षितरांचे शिष्य, तंजावरचे चौघे भाऊ, त्यांच्याच दरबारातले.

अशी चाळिसेक पदं ‘नोट्टुस्वर’ म्हणून ओळखली जातात. ‘गॉड सेव्ह द किंग’च्या चालीवर ‘संततं पाहि माम्’, ‘रेक्स ऑफ मॅलो’ या आयरिश धूनवर ‘वंदे मीनाक्षि’. राग सगळीकडे शंकराभरण, म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे स्वर. बँडच्या सुरावटींना तोच बसतो. गमक जवळजवळ नाही. एका स्वराला एक अक्षर, आणि त्यातच ‘गुरुगुह’ ही दीक्षितरांची नाममुद्रा बेमालूम बसवलेली.

त्याच सुमारास व्हिएन्नात बेथोव्हेन स्कॉटिश गाण्यांना पियानो, व्हायोलिन, चेलोची साथ लिहीत होता. एडिंबरोचे प्रकाशक जॉर्ज थॉमसन यांची ती मागणी. साथ अवघड होते, असं थॉमसनचं गाऱ्हाणं असे. पंचवीस गाणी 1818 मध्ये छापून निघाली. बेथोव्हेन कधी स्कॉटलंडला गेला नाही, दीक्षितरही नाहीत. पण बेथोव्हेनने धूनभोवती आपलं सगळं कसब मांडलं, दीक्षितरांनी आपलं कसब आवरलं: धून होती तशी ठेवली, फक्त देवाच्या पायाशी नेली. मला दुसरं अधिक कठीण वाटतं. संस्कृतातले लघु-गुरू रीलच्या धावत्या ठेक्यावर न अडखळता बसवून बघा!

कर्नाटक संगीत शिकणाऱ्या पोरांना ही पदं सुरुवातीलाच शिकवतात. कच्चेरीच्या, म्हणजे मैफलीच्या, शेवटी मदुरै मणी अय्यर गात ती ‘इंग्लिश नोट’ मात्र निराळी. ती हरिकेशनल्लूर मुथय्या भागवतरांची.