खर्जाचे वाद्य आणि पेन्सिलीची खूण

बास गिटार हे वाद्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. ओळखलेले मात्र थोड्यांनी. चित्रपटातील गाणे सुरू झाले म्हणजे आपले कान गायिकेच्या आवाजाकडे, फार तर व्हायोलिनच्या ताफ्याकडे लागतात. त्या साऱ्यांच्या तळाशी एक जाड, घुमणारा स्वर पावलागणिक चालत असतो. तो थांबला तर गाण्याखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. चालू असतो तोवर त्याची कोणी विचारपूस करीत नाही. हे खर्जाचे काम चार जाड तारांचे एक लाकडी वाद्य करते. त्याचा इतिहास आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे, आणि तो ग्रंथांइतकाच जुने वाद्य उघडून वाचावा असा आमचा विचार आहे. ज्याचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले त्याने वाद्यावर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. पण वाद्यही कोणीतरी घडवलेले असते, आणि ते वाजवून कोणीतरी पोट भरीत असतो. तेव्हा हा प्रांत आम्हांस अगदीच परका नाही.

या वाद्याच्या आधी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बास करीत असे. हे वाद्य माणसापेक्षा उंच. वाजविणाऱ्याने त्याला मिठी मारल्यासारखे उभे राहावे, आणि गावोगाव जाताना ते मोटारीच्या टपावर बांधावे. त्याला पडदे नाहीत; स्वर नेमका लावणे सर्वस्वी कानावर आणि बोटावर. बरे, एवढे करूनही ढोल आणि तुताऱ्यांच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत सिॲटल शहरी पॉल टटमार्क यांनी १९३०च्या दशकात विजेवर चालणारी, पडद्यांची, गिटारीसारखी आडवी धरावयाची बास तयार केली होती. पण तिचा प्रसार झाला नाही. प्रसार झाला तो कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांच्या वाद्याचा.

फेंडर (१९०९–१९९१) हे ना वादक होते, ना पिढीजात वाद्यकार. शिक्षण हिशेबनिसाचे आणि धंदा रेडिओदुरुस्तीचा. त्यांना गिटार वाजविता येत नसे. मात्र वादक दुकानी येत, कुरकुर करीत, ती ते कान देऊन ऐकत. १९५१ साली त्यांनी जी बास गिटार बाजारात आणली तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा. तारेची लांबी डबल बासच्या चाळीस-बेचाळीस इंचांवरून ३४ इंचांवर आली. दांडीवर पडदे बसविले, म्हणून बोट पडद्यामागे टेकले की स्वर नेमका उमटू लागला. तारेखाली लोहचुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळलेले पिकअप ठेवले. पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते, आणि ध्वनिवर्धक ती मोठी करतो. लायोनेल हॅम्प्टन यांच्या प्रसिद्ध जाझ वाद्यवृंदात आधी रॉय जॉन्सन आणि त्यांच्यामागून मंक माँटगोमेरी यांनी हे वाद्य वाजविले, आणि मग ते जगभर गेले.

परंतु फेंडर यांची खरी युक्ती आमच्या मते निराळीच होती. परंपरेने तंतुवाद्याची दांडी धडाला सरसाने कायमची जोडलेली असे. फेंडर यांनी ती चार स्क्रूंनी बसविली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची बुद्धी ती! भाग बिघडला तर तो काढता यावा, बदलता यावा, आणि उरलेले यंत्र चालत राहावे. यात मालकाचा फायदा होताच. दांड्या एकीकडे, धडे दुसरीकडे, पिकअप तिसरीकडे, असे काम वाटून देता आले. एका कारागिराच्या हातून अख्खे वाद्य निघण्याचा काळ त्या कारखान्यापुरता संपला. पण त्याच चार स्क्रूंनी दुरुस्ती करणाऱ्यालाही दार उघडून दिले. आज सत्तर वर्षांची बास पुन्हा उभी करता येते ती त्यांच्यामुळेच.

जुनी बास विकत घ्यावयाची झाल्यास प्रथम काय पाहावे? रंग नव्हे. सुतार फळीची रेष पाहतो तशी, एक डोळा मिटून, दांडी टोकापासून पाहावी. चार तारांचा एकूण ताण ७०–८० किलोंच्या घरात असतो. तो वर्षानुवर्षे सोसून दांडी धनुष्यासारखी वाकते. तिच्या पोटात पोलादी सळई असते, ती कसून हा बाक काढता येतो. पण एका वेळी पाव फेराच द्यावा आणि लाकडाला उसंत द्यावी. सळई आधीच पुरती कसलेली असून बाक तसाच असेल, तर सौदा सोडून द्यावा. मग पिकअपला मीटर लावावे. या तारेचा विरोध सामान्यतः हजारो ओहम असतो. मीटरने जोडणीच दाखविली नाही, तर आतली केसासारखी तार तुटली असे समजावे. बटण फिरविताना खरखर होत असेल तर घाबरू नये. ती बहुधा धूळ असते.

आम्हीही अशी एक बास, ऑर्केस्ट्रात उमेदीची वर्षे घालविलेल्या एका वादकाकडून, विकत घेतली. नावाजलेली नव्हे, साधीच. दांडी सोडविण्याआधी तारा ढिल्या केल्या, स्क्रू काढले आणि आतली खाच पाहिली. तेथे पेन्सिलीने ओढलेली एक रेघ आणि शेजारी एक आकडा होता, बस्स. तो कोणी लिहिला हे आता कोणास कळणार नाही. परंतु ज्याने लिहिला त्याने दांडी बसते की नाही हे येथे हात ठेवून पाहिले होते, एवढे निश्चित. त्या दिवशी पॉलिश पेपर हाती होता. ती खाच तेवढी आम्ही घासली नाही.

फेंडरच्या जुन्या वाद्यांत या खुणा अधिक बोलक्या आहेत. दांडीच्या झाकलेल्या टोकावर पेन्सिलीने तारीख घातलेली सापडते, आणि १९५०च्या दशकातील कित्येक दांड्यांवर तारखेबरोबर ‘टी. जी.’ ही अक्षरे आढळतात. ती टाडेओ गोमेझ या कामगाराची. दांडीला हाताच्या पकडीत बसेल असा आकार देणे हे त्यांचे काम. पिकअपच्या वेटोळ्यांत ॲबिगेल इबारा यांचे नाव निघते. १९५६ साली त्या कारखान्यात आल्या, आणि केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे गुंडाळण्याचे काम करीत २०१३ साली निवृत्त झाल्या. वाद्याच्या माथ्यावर नाव मालकाचे. आतल्या अंधारात खूण कामगाराची. आवाज कमीजास्त करण्याच्या पॉटवरही छापील आकडे असतात. त्यांतले पहिले तीन बनविणाऱ्या कारखान्याचे, पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे. या तीन-चार नोंदी जुळवून वाद्याचे वय ठरविता येते. एकच नोंद पाहून निष्कर्ष काढू नये. कारण दांडीवरची तारीख दांडीची असते, आणि जी बदलता येते ती बदललेलीही असू शकते. इतिहास लिहिणाऱ्यासही हा नियम उपयोगी पडावा.

आता दुरुस्ती. डाख, म्हणजे आजच्या भाषेत सोल्डरिंग, सुटला असेल तर तेवढाच सांधा तापवावा, सगळी जोडणी उपटू नये. धूर छातीत जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवावी, आणि जुन्या डाखात शिसे असते म्हणून नंतर हात धुवावेत. कारखान्यात या गोष्टी मागून घ्याव्या लागतात, घरी तरी आपले मालक आपणच असतो. झिजलेले पडदे कानशीने एका पातळीत आणावेत. दांडी परत बसविताना स्क्रू आधी किंचित उलटा फिरवावा. जुन्या आट्यांत तो टक्‌ करून बसतो, मगच सुलटा पिळावा. नवे आटे पाडले तर लाकूड कुरतडले जाते. थोडक्यात, पूर्वीच्या कारागिराने जी वाट पाडली तिच्यावरूनच जावे.

हे झाले घडविणाऱ्यांविषयी. वाजविणाऱ्यांची कथा याहून वेगळी नाही. डेट्रॉइट शहरातील मोटाउन या कंपनीच्या तबकड्या १९६०च्या दशकात लाखोंनी खपल्या. त्यांतील असंख्य गाण्यांचा खर्ज जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) या कृष्णवर्णीय वादकाने वाजविला आहे. १९६२ची प्रिसिजन बास हे त्यांचे हत्यार. उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने ते वाजवीत, आणि तार तुटल्याशिवाय बदलीत नसत. जुन्या तारेचा मंद, गोल आवाजच त्यांना हवा होता. जगभरच्या बास वादकांनी त्यांच्या चाली घोटून घोटून आपला हात तयार केला. पण तबकडीच्या वेष्टनावर वादकांची नावे नसत. मोटाउनच्या या वाद्यवृंदास पहिल्यांदा वेष्टनावर स्थान मिळाले ते १९७१ साली, मार्विन गे यांच्या एका तबकडीवर. पुढच्याच वर्षी कंपनीने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलविला. कारखाना गाव सोडून जातो तेव्हा मागे काय उरते, हे आपल्या लोकांस सांगावयास नको. जेमर्सनही त्या शहरी गेले; परंतु पूर्वीचे दिवस आले नाहीत. मृत्यूपूर्वी थोडे दिवस त्यांची ती बास चोरीस गेली. ती आजतागायत सापडलेली नाही.

दुसरी एक बास मात्र परत आली. जॅको पास्टोरियस (१९५१–१९८७) यांच्याकडे १९६२ची फेंडर जाझ बास होती. तिचे पडदे काढून खाचा बुजविलेल्या होत्या, आणि दांडीवर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर दिलेला होता. त्यामुळे तिचा स्वर माणसाच्या गळ्यासारखा घसरत जाई. पुढे तिचे तुकडे झाले, आणि दोन कारागिरांनी ते सांधून तिला पुन्हा वाजती केली. १९८६ साली ती न्यूयॉर्कमध्ये चोरीस गेली, वीस वर्षांनी तेथल्याच एका दुकानात प्रकट झाली, आणि रॉबर्ट ट्रुहियो या बास वादकाच्या साहाय्याने २०१० सालच्या सुमारास पास्टोरियस कुटुंबास तिचा हक्क मिळाला. तडे, ठिगळे, इपॉक्सी यांमुळेच ती ओळखता आली. कोणी तिला घासूनपुसून नवी कोरी केली असती, तर ती कायमची हरवली असती.

आता पैशांकडे पाहू. १९६५ साली सीबीएस या बड्या कंपनीने फेंडरचा धंदा १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. १९८५ साली तेथल्याच व्यवस्थापकांनी आणि गुंतवणूकदारांनी तो सोडवून घेतला, तेव्हा जुना फुलर्टनचा कारखाना त्या सौद्यात नव्हता. मधल्या काळात हौशी संग्राहकांना कळून चुकले, की १९६५ पूर्वीच्या वाद्यांत काही विशेष आहे, आणि त्यांचे भाव चढत गेले. १९९५ पासून खुद्द फेंडर कंपनी नव्या वाद्यावर कारखान्यातच ओरखडे पाडून, रंग उडवून, ते जुने भासवून विकू लागली. आणि त्यासाठी गिऱ्हाईक जादा दाम मोजते. श्रोतेहो, यावर हसावे की विचार करावा? झीज ही श्रमाची नोंद आहे. हजारो रात्री कोणाचा तरी कोपर एकाच जागी घासला म्हणून तेथला रंग उडतो. तो कोपर वगळून नुसता उडालेला रंग विकत घेता येतो, हे आमच्या काळाचे एक नवल आहे. ज्यांनी खरी झीज घडविली, त्यांना मात्र या चढ्या भावातून दमडी मिळाली नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या, स्वरलेखन वाचू शकणाऱ्या वादकांनी अनेक दशके काम केले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बास गिटार किती ठळक आहे, हे जाणकार सांगतात; पण तबकडीवर नाव संगीतकाराचे, गीतकाराचे आणि गायकाचे. ताफ्यातल्या वादकाचे नाव सहसा नसे. गाणे आपल्याला तोंडपाठ, आणि त्याचा खर्ज कोणी दिला हे ठाऊक नाही, अशी आपली स्थिती आहे.

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. ज्यांना जुन्या वाद्याची हौस आहे त्यांनी ते अवश्य घ्यावे, दुरुस्त करावे आणि मुख्य म्हणजे वाजवावे; काचेच्या कपाटात ठेवलेले वाद्य मुके असते. जे बिघडले आहे ते सुधारावे, जे झिजले आहे ते जपावे. आतल्या पेन्सिलीच्या खुणेला पॉलिश पेपर लावू नये. आणि दांडी परत बसविण्यापूर्वी, कोणास दिसणार नाही अशा जागी, आपण काय दुरुस्त केले ते, तारीख आणि आपले नाव बारीक अक्षरांत लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी ते चार स्क्रू कोणीतरी पुन्हा काढील. त्याला कळावयास हवे, की या वाद्याला हात लावणारी माणसे होती आणि त्यांना नावे होती.